शर्विलकाचे जानवे, सारंगाचा मुखवटा

जॉन बॅरिमोरचा १९१७ सालचा 'रॅफल्स, द अ‍ॅमॅच्युअर क्रॅक्समन' हा अमेरिकन मूकपट पाहताना मला त्यातल्या चोरीपेक्षा निमंत्रणाचे जास्त नवल वाटले. रॅफल्सला कुणाच्या घराची भिंत फोडावी लागत नाही. त्याला बोलावणे येते. श्रीमंतांच्या बंगल्यावर तो पाहुणा म्हणून उतरतो, त्यांच्या पंक्तीला जेवतो आणि रात्री त्यांच्याच घरातला रत्नहार पळवण्याच्या खटपटीला लागतो. ई. डब्ल्यू. हॉर्नंग या इंग्रज लेखकाने हे पात्र १८९९ सालच्या कथासंग्रहात उभे केले. हॉर्नंग हा शेरलॉक होम्सच्या जनकाचा, कॉनन डॉइलचा मेहुणा. मेहुण्याने गुन्हेगार पकडणारा निर्माण केला, म्हणून याने गुन्हेगारालाच नायक केले. कथेवरून नाटक झाले, नाटकावरून चित्रपट. मूकपटांच्या काळातच हा चोर तीनदा तरी पडद्यावर आला. १९०५ सालच्या छोट्या पटात, १९१७ साली बॅरिमोरच्या रूपात आणि १९२५ साली हाउस पीटर्सच्या.

शीर्षकातला 'अ‍ॅमॅच्युअर' हा शब्द महत्त्वाचा आहे. पोटासाठी चोरी करतो तो धंदेवाईक. हौसेने, कसब म्हणून करतो तो 'हौशी'. हा भेद इंग्रजांनी क्रिकेटमधून उचलला. तिकडे पैसे न घेता खेळणारे 'जंटलमन' आणि पैसे घेऊन खेळणारे नुसते 'प्लेअर' अशी उघड विभागणी होती आणि ती १९६२ सालापर्यंत टिकली. रॅफल्स हा अव्वल दर्जाचा संथ गोलंदाज. त्याच्यापुढे बड्या घरांची दारे उघडतात ती या गोलंदाजीमुळे.

इथे थोडे आडवळण घेतो. त्याच सुमारास आपल्या पुण्यात एक संथ गोलंदाज होता, पालवणकर बाळू. गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करता करता त्यांना सरावासाठी गोलंदाजी टाकून तो तयार झाला. १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तो चांभार कुटुंबातला. हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. रॅफल्सला गोलंदाजीने दिवाणखान्यात नेले आणि बाळूला त्याच कसबाने उंबऱ्यापर्यंतही पोचवले नाही. हौशी चोराची कल्पना कोणत्या समाजात रुजते आणि कोणत्या समाजात रुजत नाही, हा माझ्या या लेखाचा प्रश्न आहे. बाळूची गोष्ट त्यासाठीच आठवली.

मी सांगोल्याचा. ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान सांभाळून उरलेल्या वेळात जुन्या चित्रपटांच्या मागे लागलेला माणूस. गेली काही वर्षे एक साधी गोष्ट शोधत होतो. आपल्या मूकपटांत असा उमदा हिरेचोर, साहसी नायक म्हणून, कुठे भेटतो का? आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट तयार झाले, त्यांतले आज मूठभर शिल्लक आहेत. शिल्लक राहिलेल्यांत साहसपट म्हणावा असा, जवळजवळ पुरा वाचलेला आणि आपल्या मातीत तयार झालेला चित्रपट म्हणजे 'दिलेर जिगर'. साल १९३१, निर्मिती पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीची, दिग्दर्शक जी. पी. पवार. त्याच वर्षी १४ मार्चला मुंबईत 'आलम आरा' बोलू लागला होता. म्हणजे हा मूकपट उंबऱ्यावर आला तेव्हा घराचे दार लागत होते.

कथा थोडक्यात अशी. चांगल्या राजाला मुलगा होतो आणि राजाचा दुष्ट भाऊ कालसेन राजाला मारून गादी बळकावतो. एक इमानी सेवक तान्ह्या राजपुत्राला वाचवून रानात वाढवतो. हा मुलगा, हमीर, मोठेपणी कसरतीचे खेळ करीत गावोगाव फिरतो. त्याची जोडीदारीण सारंगा. कालसेनाची नजर सारंगावर पडते आणि तिथून हमीरचे जुलमाशी वैर सुरू होते. शेवटी कालसेन हरतो, हमीरला गादी मिळते. मधे हमीर संकटात सापडला असताना सारंगा तोंडावर मुखवटा चढवून, एकटी, त्याला सोडवायला जाते आणि तलवारबाजांच्या घोळक्याशी भिडते.

यात हिरेचोर कुठे आहे, असे कुणी विचारील. नाही. मुखवटा आहे, रात्र आहे, घुसखोरी आहे, परक्याच्या ताब्यातली मोलाची वस्तू उचलून नेणे आहे. फक्त ती वस्तू रत्न नाही, जिवंत माणूस आहे. म्हणून माझा प्रश्न उलटा झाला. चोराची सगळी आयुधे इथे आली असताना चोरी तेवढी का गळाली?

बुजुर्ग मंडळी म्हणतील, आपल्याकडे ती कल्पनाच नव्हती. होती. रॅफल्सच्या कित्येक शतके आधी होती. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक हा उमदा हिरेचोर नव्हे तर कोण? गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकाने त्याला मराठी घराघरांत नेले होते. हा शर्विलक चांगल्या कुळातला ब्राह्मण. त्याचा बाप चार वेद जाणणारा आणि दान न घेणारा. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराला खिंडार पाडतो तेव्हा घाई करीत नाही. भोकाला कोणता आकार द्यावा, कमळाचा की चंद्रकोरीचा की भरल्या घागरीचा, यावर विचार करतो. मोजायची दोरी विसरली म्हणून जानव्याने माप घेतो आणि जानवे किती कामाचे आहे याची वर तारीफ करतो. बोटाला साप चावतो तर त्याच जानव्याने बोट आवळतो. दिवा विझवायला किडा सोडतो. झोपेत बरळणारा मैत्रेय त्याला मालक समजून दागिन्यांची पेटी स्वतःच्या हाताने देतो. आणि सकाळी चारुदत्त काय करतो? भोकाची कारागिरी पाहून खूष होतो, आणि चोर रिकाम्या हाताने गेला नाही याचे समाधान मानतो! रॅफल्सच्या कुठल्याही यजमानाला हे जमले नसते.

पण शर्विलक आणि रॅफल्स यांच्यात एक मोठे अंतर आहे. रॅफल्स चोरतो ते स्वतःच्या चैनीसाठी आणि चोरीतल्या मौजेसाठी. शर्विलक चोरतो ते मदनिकेसाठी. ती वसंतसेनेची दासी आहे, तिला मोकळे करायला मोल भरावे लागणार आहे. म्हणजे त्याचे डोळे दागिन्यांवर असले तरी मन एका माणसाच्या सुटकेवर आहे. मदनिका त्याला मिळते, आणि मिळते न मिळते तोच मित्र आर्यक कैदेत पडल्याची दवंडी कानी येते. हा आर्यक गुराखी. तो राजा होईल या भाकिताच्या भीतीने पालक राजाने त्याला डांबलेला. शर्विलक नव्या बायकोला वाटेतच निरोप देऊन मित्राला सोडवायला निघतो. नाटकाच्या शेवटी पालक मारला गेल्याची आणि गुराखी गादीवर बसल्याची बातमी घेऊन येतो तो हाच चोर.

आता 'दिलेर जिगर' पुन्हा पाहा. जुलमी राजा आहे, रानात वाढलेला आणि गादीवर बसणारा नायक आहे, बंदिवासातून सोडवणूक आहे, मुखवट्याआड रात्रीचे धाडस आहे. शूद्रकाच्या शेवटच्या अंकांतला सगळा ऐवज इथे हजर आहे. गायब आहे तो तिसरा अंक. पवारांनी नाटक समोर ठेवून पटकथा लिहिली असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या समोर उघड उघड डग्लस फेअरबँक्स होता, हे कुणालाही दिसेल. 'द मार्क ऑफ झोरो' १९२० चा, 'द थीफ ऑफ बगदाद' १९२४ चा. या दुसऱ्या चित्रपटाने हिंदुस्थानात अशी गर्दी खेचली की १९२७-२८ च्या रंगाचारी समितीने आपल्या अहवालात त्याच्या लोकप्रियतेची खास दखल घेतली. या बगदादच्या चोराबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. तो रस्त्यावरचा भामटा आहे, महालात शिरतो तो जवाहिरे लुटायला, आणि राजकन्येला पाहून लूट विसरतो. मग राजपुत्राचे सोंग घेतो, पकडला जातो, फटके खातो, आणि शेवटी आपल्या कर्तबगारीवर तिला मिळवतो. तो कुणाचा हरवलेला राजपुत्र निघत नाही. चोर म्हणून सुरू होतो आणि चोराचाच माणूस होतो. आमच्या हमीरला मात्र चोर होण्याची सवलत नाही आणि सामान्य राहण्याचीही नाही.

याची कारणे मला पडद्याबाहेर दिसतात. पहिले कारण सेन्सॉरचे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर मुंबईत मंडळ आले आणि ब्रिटनमधल्या सेन्सॉरची सूत्रे इकडे प्रमाण झाली. गुन्हा कसा करतात याची रीत दाखवू नये हे त्यांतले एक. शर्विलकाचा तिसरा अंक म्हणजे सगळी रीतच की! राजकीय आशयावर तर नजर होतीच. 'प्रभात'ने १९३० साली शिवाजी महाराजांवर चित्रपट काढला, त्याचे 'स्वराज्याचे तोरण' हे नाव मंडळाला खपले नाही आणि 'उदयकाल' असे बारसे करावे लागले. अशा दिवसांत दूरच्या, नावगाव नसलेल्या राज्यातला जुलमी काका ही सोयीची गोष्ट होती. अगरवाल कंपनीच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटाचे नाव 'गुलामीनूं पतन' होते, यावरून हवा कळते. आमच्या सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिले गेले. ज्या शहरात, ज्या साली 'दिलेर जिगर' आला, त्याच शहरात, त्याच साली. तेव्हाच्या प्रेक्षकाने कालसेनाच्या जागी कुणाला पाहिले असेल, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

दुसरे कारण मला अधिक खोल वाटते, आणि त्यावर आपल्या चित्रपट-समीक्षेत फारसे बोलले जात नाही. इंग्रज वाचकाला चोर हा खेळ वाटू शकला, कारण त्याच्या डोळ्यांसमोरचा चोर एकटा माणूस होता. आपल्याकडे सरकारने चोर ही जात करून टाकली होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली मुंबई इलाख्याला लागू झाला, १९२४ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. ठरावीक जमातीत जन्म झाला की नोंद, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी सेटलमेंट होती. आजही सोलापूरकर तो भाग 'सेटलमेंट' याच नावाने ओळखतात. तिथली माणसे गिरण्यांत राबत आणि पुन्हा कुंपणात परतत. तिथे जन्मलेले मूल, काहीही न करता, कायद्याच्या वहीत गुन्हेगार होते. अशा मुलखात 'हौशी चोर' हा शब्द उच्चारायचा तरी कसा? रॅफल्सचा सगळा डौल उभा आहे तो त्याच्यावर कुणाला संशय येत नाही या एका गोष्टीवर. इथे तर माणसाच्या आधी संशय जन्माला येत होता.

आता हमीर आणि सारंगा यांचा धंदा आठवा. कसरतीचे खेळ. माझ्या लहानपणी सांगोल्याच्या आठवडी बाजारात डोंबारी येत. दोन काठ्यांच्या कात्रीवर दोरी ताणली की ढोलकी वाजू लागे आणि आठ-नऊ वर्षांची पोर हातात आडवी काठी धरून वर चढे. खाली टाळ्या पडत, पैसे पडत. आणि त्याच संध्याकाळी घरोघरी बायका वाळत घातलेले कपडे नि परसातली भांडी आत घेत, 'खेळवाले उतरलेत गं' असे एकमेकींना सांगत. तोल सांभाळणाऱ्या त्या पोरीचे कौतुक आणि तिच्यावरचा संशय, दोन्ही एकाच दिवसात, एकाच तोंडातून.

'दिलेर जिगर'ची लबाडी मला इथे दिसते. लबाडी हा शब्द जाणून वापरतो. चित्रपटाला डोंबाऱ्याच्या अंगातली चपळाई हवी आहे, उड्या हव्यात, रस्त्यावरची मोकळीक हवी आहे. पण नायक म्हणून डोंबारी नको आहे. म्हणून हमीर जन्माने राजपुत्र. त्याच्या शौर्याचा हिशेब अखेर रक्ताच्या खात्यावर जमा होतो. बगदादच्या चोराला मिळालेला सन्मान हमीरला मिळत नाही, कारण त्याला तो मिळवायचाच नसतो, परत घ्यायचा असतो. शूद्रकाने गुराख्याला गादीवर बसवताना हे केले नव्हते. माणदेशात मेंढरामागे फिरणाऱ्यांच्या शेजारात राहणाऱ्या मला हा फरक जास्त टोचत असेल, शक्य आहे.

पण मग सारंगा येते.

सारंगाचे काम करणारी मुलगी तेव्हा अवघी पंधरा-सोळा वर्षांची होती. येवल्यात १८ एप्रिल १९१६ रोजी जन्मलेली अंबू, पुढची ललिता पवार. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ललिता पवार म्हटले की खाष्ट सासू येते, दूरदर्शनवरच्या 'रामायणा'तली मंथरा येते, फार तर 'श्री ४२०'मधली केळेवाली किंवा 'अनाडी'तली मिसेस डिसा. १९४२ साली एका चित्रीकरणात सहनटाची थप्पड वर्मी लागली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला आणि नायिकेच्या वाटा बंद झाल्या. त्याआधीचा तो चेहरा 'दिलेर जिगर'मध्ये शाबूत आहे. आणि गंमत अशी की तिचा सर्वांत चांगला प्रसंग तो चेहरा मुखवट्याखाली झाकलेला असतानाचा आहे.

झोरोच्या मुखवट्याआड जमीनदाराचा मुलगा असतो. दिवसा नाजूक, निरुपयोगी वाटणारा सरदारपुत्र आणि रात्री तलवारबहाद्दर, असे ते सोंग. रॅफल्सला तर मुखवटाही लागत नाही, त्याचे सभ्यपण हाच त्याचा मुखवटा. पवारांनी फेअरबँक्सचा मुखवटा उचलला खरा, पण बांधला तो रस्त्यावर खेळ करणाऱ्या पोरीच्या तोंडावर. त्यामुळे त्याचा अर्थ पालटला. सरदारपुत्र मुखवटा घालतो तेव्हा आपले वजन लपवतो. सारंगा मुखवटा घालते तेव्हा बाई आहे हे लपते, आणि ती कोण कुठली हे कुणी विचारीत नाही तेवढ्या वेळेपुरती ती नुसती लढणारी उरते. त्या झुंजीत ती हमीरच्या तोडीस तोड आहे. चित्रपट इथे तिला कुठल्या राजघराण्याचा आधार देत नाही. ती जे करते ते आपल्या अंगमेहनतीच्या जोरावर. ज्याला मी शोधत होतो तो आमचा उमदा चोर मला सापडला असेल तर या प्रसंगात. शर्विलकाने मदनिकेसाठी जे केले तेच ती हमीरसाठी करते. बाईसाठी पुरुषाने केलेली घुसखोरी इथे पुरुषासाठी बाईने केली आहे. आणि तिच्याजवळ माप घ्यायला जानवे नाही.

काही अभ्यासकांना हा सगळा साहसपट म्हणजे फेअरबँक्सची उसनवारी वाटते. मान्य, उसनवारी आहे. पण कुणाच्या तोंडावर काय बसवले हे पाहिल्याशिवाय उसनवारीचा हिशेब पुरा होत नाही. 'दिलेर जिगर' चांगला चित्रपट आहे का? सलग नाही. दरबारातले प्रसंग नाटकी आहेत, खलनायक पहिल्या क्षणापासून खलनायक आहे, आणि कथा पुढे सरकायला योगायोगांचे फार टेकू लागतात. कसरती आणि झटापटी आल्या की मात्र कॅमेऱ्यापुढे खरी अंगे हलू लागतात, आणि मग ना संवादांची उणीव भासते ना अभिनयाची.

सारंगाला दिलेले चित्रपट लगेच काढूनही घेतो. एवढी झुंज दिलेली मुलगी पुढे पुन्हा अबला होते, पुन्हा दुष्टाच्या तावडीत सापडते, आणि तिला सोडवायला हमीर धावतो. मघाशी घोळका अंगावर घेणारी ही पोर आता वाट का पाहते, याचे उत्तर कथेत नाही. ते बाहेर आहे. नायक एकच असावा लागतो, आणि गादी त्याला मिळायची असते. शर्विलकाला तिसरा अंक जगू देणारे नाटक त्याला शेवटच्या अंकातही मानाने रंगमंचावर आणते. सारंगाच्या वाट्याला तिसरा अंक आला, शेवटचा आला नाही.

पुढे स्वातंत्र्याच्या आगेमागे बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळापहाड यांच्या रूपाने कायद्याला बगल देणारा रुबाबदार नायक मराठीत रुजवला, आणि आमच्या पिढीच्या वडिलांनी तो वाचनालयाच्या रांगेत उभे राहून वाचला. कागदावर तो चालला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी जमातींवरचा कायदा उठला, पण शिक्का उठला नाही. तो काय असतो हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने १९८७ साली सांगितले, आणि खेळ-तमाशाच्या दुनियेतल्या बाईचे काय होते ते आमच्याच जिल्ह्यातल्या किशोर शांताबाई काळ्यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'ने. ही दोन्ही पुस्तके वाचलेल्या माणसाने 'दिलेर जिगर' पाहावा. राजपुत्राची गोष्ट त्याला पातळ वाटेल, मुखवट्याची वाटणार नाही.

एक शेवटची नोंद. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे या चित्रपटाला इंग्रजी नावही आहे, 'गॅलंट हार्ट्‌स'. मूळ नाव एकाच शूराचे वाटते. इंग्रजी नाव अनेकवचनी आहे.